चार चालींचे अण्णा

अण्णांनी डाव्या हाताने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. धाकट्या लेकीनेही तेच केलं. अण्णांचा उजवा हात पक्षाघात झाल्यापासून मांडीवर निपचित पडलेला असे, आणि वाचाही त्याच दिवशी गेली होती.

दारात दादा वडिलांची भरलेली बॅग घेऊन उभा होता. शुश्रूषागृहाची गाडी दुपारी यायची होती. तिथली माणसं चांगली आहेत, खोली हवेशीर आहे, हे सगळं त्याचं सांगून झालं होतं. अण्णा आपल्याला ओळखतच नाहीत, मग घर काय आणि ती खोली काय, हेही. ते ओळखतात, एवढंच धाकटीला दाखवायचं होतं. त्यासाठी तिने एक डाव मागून घेतला होता.

अण्णांचा उंट बाहेर आला. तिने एक घोडा काढला. मग अण्णांचा वजीर तडक पटाच्या कडेला येऊन बसला.

"बघ, खेळतायत," ती म्हणाली.

"हाताची सवय आहे ती. झोपेतही खेळतील."

ते काही खोटं नव्हतं. लिफ्टदुरुस्तीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत याच चालींनी त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. त्यांचं नावच पडलं होतं, चार चालींचे अण्णा. पोटच्या पोरांनाही सूट नव्हती. चौथ्या चालीला वजीर राजाशेजारचं प्यादं खायचा, राजाला हलायला जागा उरायची नाही, आणि दादा रडत आईकडे जायचा. यावर तोड काय, असं विचारलं की अण्णा मिशीत हसायचे आणि ज्याची त्याने शोधावी म्हणायचे. धाकटीने शोधली. दादाने पटालाच रामराम ठोकला.

आज मात्र तिला हरायचं होतं. जिंकल्यावरचं ते मिशीतलं हसू एकदा दिसलं असतं, तर दादाला दाखवता आलं असतं. तिने जाणूनबुजून दुसरा घोडा चुकीचा काढला आणि वजिराची वाट मोकळी सोडली.

अण्णांचा हात उठला, पण वजिराकडे गेला नाही. त्यांनी तिचा घोडा उचलला आणि परत त्याच्या घरात ठेवला. मग त्या घोड्यापुढचं प्यादं बोटाने एक घर पुढे ढकललं. वजिराची वाट बंद झाली. वर तेच प्यादं आता वजिरावर उठलं होतं, म्हणून अण्णांनी आपला वजीर मुकाट्याने मागे घेतला.

उभ्या जन्मात कुणालाही न दाखवलेली तोड त्यांनी स्वतःविरुद्ध खेळून दाखवली होती.

दादा केव्हा पटाजवळ आला ते तिला कळलं नाही. बॅग अजून त्याच्या हातातच होती.

"मला नाही कधी दाखवलंत, अण्णा," तो म्हणाला. आवाज लहानपणीचाच होता. मग त्याने विचारलं, "आता कुणाची खेळी?"

अण्णांनी बोट उचललं आणि धाकटीकडे दाखवलं. मग त्याच बोटाने दादाला खुर्ची दाखवली.