कानावर येईपर्यंत

वाजणारा फोन हयवदनरावांनी शुभदाबाईंच्या मांडीवरच्या शालीखाली सरकवला आणि वरून हात दाबून धरला. शालीखाली तो घुरघुरत राहिला. गाडी कृष्णगिरीच्या टोलनाक्यावर रांगेत उभी होती. मागच्या सीटवरचे नवराबायको नाक्यावरची दरांची पाटी अशी वाचत होते, की जणू पुढे कुणी परीक्षाच घेणार आहे.

फोन थांबला.

"कोणाचा होता, अप्पा?" गाडी चालवणाऱ्या निधीने आरशातून विचारलं.

"क्रेडिट कार्डवाले असतील."

"सकाळी साडेसातला?"

यावर हयवदनराव काही म्हणायच्या आत फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी शाल घसरली. निधीशेजारी बसलेल्या प्रणीतने मागे वळून पाहिलं आणि पडद्यावरचं नाव सहज वाचलं.

"अप्पा, अहल्याकाकूंचा आहे. तुम्हाला नको असेल तर मी घेतो. काका हॉस्पिटलमध्ये आहेत ना, काही अर्जंट असेल."

"नको!" शुभदाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की प्रणीतचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला.

जावई पुण्याचा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, तरी सासुरवाडीच्या काही गोष्टी त्याच्या अजून पचनी पडल्या नव्हत्या. बंगळूरच्या बनशंकरीत पिढ्यान् पिढ्या राहणारी ही माणसं मराठी बोलता बोलता मध्येच 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणत, त्याला 'प्रणीतराव' म्हणत, आणि तो आला की उठून उभी राहत. त्याचं त्याला अवघडल्यासारखं होई. पण आपल्या माणसाचा फोन लपवून ठेवताना त्याने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"प्रणीतराव," हयवदनराव घसा साफ करत म्हणाले, "तुम्हाला सांगायला पाहिजे. अण्णा आमचा सख्खा चुलत भाऊ. काल संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार थकलंय, आता काही सांगता येत नाही."

"मग हा फोन..."

"तोच असणार."

"मग उचलायला नको?"

हयवदनरावांनी बायकोकडे पाहिलं. सांगायचं काम तिच्यावर टाकून ते खिडकीबाहेर बघू लागले.

"भाऊबंदांचं सुतक दहा दिवस असतं आमच्यात," शुभदाबाई म्हणाल्या. "सुतकात देवाला हात लावायचा नाही, कुठे जायचं नाही. मग जहाजावर मजा करायला कसं जायचं? पण ते लागतं कानावर आल्यापासून. कानावर आलंच नाही तर लागत नाही. परत आलो, कळलं, की उरलेले दिवस धरायचे. शास्त्रच आहे तसं. आम्ही काही नवीन काढलेलं नाही."

"म्हणजे न ऐकलं तर..." प्रणीतने वाक्य अर्धंच सोडलं.

"प्रणीत, सोड ना," निधी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

रांग पुढे सरकली. शास्त्र खरंच तसं होतं. फक्त ते लांबच्या गावी राहणाऱ्या, ज्याला बातमी पोचायलाच आठवडा लागे अशा माणसासाठी होतं, दोन गल्ल्या पलीकडे राहून शालीखाली फोन दाबणाऱ्यासाठी नव्हतं. हे हयवदनरावांना कळत नव्हतं असं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. पण मांजराला निदान आपण डोळे मिटलेत हे ठाऊक नसावं.

शुभदाबाईंची बाजूही ऐकायला हवी. बंगळुरात त्यांच्या घराण्याची चाळीस घरं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कुणी ना कुणी सतत जन्मत असतं नाहीतर जात असतं. लग्नानंतर काशीला निघाल्या, तर मल्लेश्वरमचे काका गेले. निधी दहावी झाली तेव्हा कन्याकुमारीची तिकिटं काढली, तर आदल्या दिवशी बसवनगुडीत कुणाला तरी मुलगा झाला आणि सोयर आलं. सिंगापूरच्या वेळी तर बॅगा दारात होत्या आणि अण्णाची आई गेली. समुद्र त्यांनी बावन्न वर्षांच्या आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता. आता लेकीने आणि जावयाने चेन्नईहून सुटणाऱ्या जहाजाची तीन रात्रींची सहल दिली होती. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. सहा महिने त्या दिवस मोजत होत्या, आणि आठ दिवसांपूर्वी अण्णाला हॉस्पिटलात नेलं.

आठही दिवस हयवदनराव संध्याकाळी जाऊन बसत. अण्णाला मूल एकच, शार्दूल, तो डब्लिनला. सोमवारी पोचणार होता. तोवर अहल्यावहिनींना आधार हेच काय ते. जहाजाचं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. नाकात नळी घातलेल्या माणसाला आपण सहलीला चाललो हे कसं सांगायचं? काल निघताना अण्णाने विचारलं, "उद्या केव्हा येशील?" आणि हयवदनराव म्हणाले, "सकाळीच येतो."

पहाटे पाचला ते बनशंकरीतून निघाले होते.

आंबूरच्या आसपास फोन आणखी एकदा वाजला. मग शांत झाला, आणि थोड्या वेळाने टिंग करून एक निरोप आला. हयवदनरावांनी चोरून पाहिलं. लिहिलेलं काही नव्हतं, वहिनींनी बोलून पाठवलेला निरोप होता, एक मिनिट वीस सेकंदांचा. त्यांचा अंगठा त्यावर क्षणभर थांबला. मग त्यांनी आवाज बंद केला आणि फोन पिशवीत, फराळाच्या डब्याखाली ठेवला.

वेल्लोरला नाश्त्यासाठी थांबले. पोंगल गरम होतं, वर तूप सुटलं होतं. शुभदाबाईंनी दोन घास खाऊन पान बाजूला सारलं.

"खा स्वल्प," हयवदनराव म्हणाले. "जहाजावर केव्हा मिळेल कुणास ठाऊक. अण्णाला पोंगल फार आवडायचं. मी शाळेत असताना गांधी बाजारात न्यायचा मला, आपल्या पानातले काजू काढून माझ्या पानात टाकायचा."

निधीने कॉफीचा पेला खाली ठेवला. "आवडायचं?"

हयवदनरावांचा घास तोंडातच राहिला. दोन तासांपासून ते मनातल्या मनात अण्णाबद्दल असंच बोलत होते. बातमी ऐकायची नव्हती, पण माणूस मात्र त्यांनी केव्हाच मारून टाकला होता. समोर बसलेल्या जावयाने नजर चुकवली, आणि ते त्यांना त्याने काही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.



साडेबाराला ते बंदरावर पोचले. एचएसआर लेआउटमधली एखादी सोसायटी उचलून पाण्यात ठेवावी तसं ते जहाज उभं होतं, मजल्यावर मजले, गॅलरीवर गॅलरी. शुभदाबाई गाडीतून उतरल्या आणि बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पंचविशीतलं काहीतरी येऊन गेलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला.

बॅगा दिल्या, तपासणी झाली. मोठ्या हॉलमध्ये आधारकार्डं हातात घेऊन माणसं रांगेत उभी होती. एका कुटुंबाने सारख्या गवती टोप्या घातल्या होत्या. प्रणीत मोबाईलवर सूचना वाचून दाखवत होता. "पाच वाजता सुटणार. ऍक्च्युअली सुटल्यावर तासाभरात नेटवर्क जाईल म्हणतायत. मग थेट सोमवारी सकाळीच रेंज येईल."

ते ऐकून हयवदनरावांना हायसं वाटलं.

एकदम, छातीतून, उन्हातून सावलीत आल्यासारखं. अजून साडेचार तास, मग कुणाचाही फोन येऊ शकणार नाही. आणि ते हायसं वाटणं पुरतं उतरायच्या आत त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की कानशिलं तापली. अण्णाने बोट धरून शाळेत नेलं. वडील गेले तेव्हा अण्णा घरी येऊन महिनाभर शेजारी झोपला. आणि आज अण्णाच्या बायकोचा आवाज समुद्रापर्यंत पोचणार नाही, म्हणून त्यांना बरं वाटत होतं.

"मी आलोच," म्हणून ते रांगेतून बाहेर पडले. खांबाआड एका खुर्चीवर बसले. पिशवीतून फोन काढला. वहिनींचे तीन फोन येऊन गेले होते, सगळे नऊच्या आतले. त्यानंतर एकही नव्हता. त्यांनी निरोप लावला आणि फोन कानाशी धरला. रडणं ऐकायची तयारी करून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हयवदना, मी अण्णा रे."

ते ताडकन उठून उभे राहिले.

"स्वल्प दम लागतोय, सावकाश बोलतो. वहिनीचा फोन तू उचलत नाहीस. का उचलत नाहीस ते कळतंय मला, मी पण आपल्याच घरातला." इथे तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. "अरे, आहे मी अजून. काल सकाळीच येतो म्हणालास, तेव्हा हसू आवरत नव्हतं. निधीनं मागेच सांगितलंय मला जहाजाचं. फोटो पण दाखवले. तू सांगायचं नाहीस का, वेड्या? मी नको म्हणालो असतो काय?

"ऐक आता. अकरा वाजता मला ऑपरेशनला आत नेतायत. डॉक्टर म्हणतात, करून बघू. मी सरी म्हटलं. वहिनीला सांगून ठेवलंय, इकडे काय व्हायचं ते होवो, हयवदन परत येईपर्यंत त्याला फोन करायचा नाही. त्याचा आला तरी उचलायचा नाही. तिला खोटं बोलता येत नाही रे. सगळं बरं आहे म्हणेल आणि आवाजावरून तुला कळेल. हेच सांगायला सकाळपासून फोन लावतोय. तेव्हा तू निवांत जा. शुभदाला समुद्र दाखव. चौथी खेप आहे बिचारीची, एक तर माझ्याच आईनं बुडवली. सरी, ठेवतो. अगं, हे बंद कुठून करायचं?"

"द्या इकडे," असा वहिनींचा आवाज आला आणि निरोप संपला.

हॉलमधल्या घड्याळात दीड वाजला होता.

शुभदाबाई त्यांना शोधत आल्या. काही न विचारता त्या शेजारी बसल्या. हयवदनरावांनी निरोप पुन्हा लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. त्या ऐकत गेल्या. 'चौथी खेप'पाशी त्यांना रडू फुटलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"नको मीच म्हटलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"मीही उचलला नाहीच की."

"जिवंत माणूस बोलवत होता हो. आपण काय केलं हे?" मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "लावा. आता तरी लावा."

त्यांनी फोन लावला. रिंग जाऊ लागली. फोन बंद नव्हता, रेंजबाहेरही नव्हता, कारण रिंग स्पष्ट, सावकाश, एकामागून एक वाजत होती. ती शेवटपर्यंत वाजली आणि तुटली.

पुन्हा लावला. पुन्हा तसंच झालं. त्यांना दिसत होतं, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या हिरव्या खुर्च्यांपैकी एकीवर वहिनी बसल्या असतील. शेजारी कुणी नसेल. हातात फोन वाजत असेल, त्यावर 'हयवदन' असं नाव दिसत असेल, आणि त्या नुसत्या त्याकडे बघत असतील. अण्णा बरा असला तरी उचलणार नाहीत. नसला तरी उचलणार नाहीत.

"अप्पा!" निधी रांगेतून हात हलवत होती. "आपला नंबर आला!"

दोघं उठून रांगेपाशी गेले. काउंटरवरच्या मुलीने हसून हात पुढे केला. "आधार प्लीज, सर."

हयवदनरावांनी कार्ड दिलं नाही. ते बाजूला झाले आणि गवती टोप्या घातलेल्या मागच्या कुटुंबाला हाताने वाट करून दिली. निधी काहीतरी विचारत होती, प्रणीत तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवत होता. शुभदाबाई जहाजाकडे पाठ करून उभ्या होत्या.

"उचला, वहिनी," ते पुटपुटले, आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.