मला झऱ्याची पाल म्हणू नका

मी सॅलॅमँडर बोलतोय. पाल नव्हे! पालीला खवले असतात, नखं असतात. माझं अंग ओलं, गुळगुळीत. मी बेडकांच्या गोतातला. पण अमेरिकेतल्या ॲपलाचियाच्या या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला ‘झऱ्याची पाल’च म्हणतात, आणि मासे धरायला गळाला लावतात.

व्हर्डी लेडफर्ड या म्हातारीच्या झऱ्यात माझा जन्म झाला. मला फुप्फुसं नाहीत, श्वास कातडीतून घेतो. अंग सुकलं की खेळ खलास! म्हणून झऱ्याकाठचा दगड मी कधी सोडला नाही.

गेल्या वर्षी विद्यापीठातल्या टॅमसिनबाईंनी माझ्या शेपटीचं टोक कापून तपासायला नेलं. ते पुन्हा उगवलं म्हणा.

परवा म्हातारीचा पुतण्या ऑरव्हिल आला. त्यानं गळासाठी म्हणून दगड उलटून मला कोरड्या बादलीत टाकलं. मी त्याच्या बोटाला कडकडून चावलो.

“ठेव तिथं, मुडद्या!” म्हातारी ओरडली. “झऱ्यातली पाल मारली की झरा आटतो. तुझ्या बापानं मारली होती, विसरलास?”

“काकी, त्या वर्षी पाऊसच नव्हता गं!”

इकडे माझी कातडी ताठत चालली होती. तेवढ्यात टॅमसिनबाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. बादलीत डोकावल्या नि किंचाळल्याच.

“अहो, सोडा त्याला! याची जात वेगळी निघालीय. या दोन डोंगरधारा सोडल्या तर जगात कुठे नाही.”

“गेल्या साली तुम्हीच म्हणालात ना मॅडम, हा पार कॅनडापर्यंत सापडतो?” ऑरव्हिलनं विचारलं.

“चुकलो आम्ही. दिसायला सारखे, म्हणून एकाच नावाखाली घातले होते.”

ऑरव्हिलनं डोकं खाजवलं आणि बादली झऱ्यात उपडी केली. “जा बाबा. पण पालच तू.”

म्हणे पालच! मी मेलो म्हणून झरा आटत नाही; झरा आटला किंवा नासला की मी मरतो. म्हातारीचा गैरसमज मला चालतो, बाईंचा कागदही चालतो. पण नवं नाव मी मागितलं नव्हतं. तुमचं पहिलं घर इथे उभं राहण्याआधीपासून हा मुलूख आमचा आहे. नकाशावर नखाएवढा असेल, तरी मी तो सोडणार नाही.

दगड उलटलात तर होता तसा ठेवा. ही विनवणी नव्हे. माझा खालचा जबडा जवळजवळ हलतच नाही. तोंड उघडायचं तर डोकं वर उचलावं लागतं. मान खाली घालून बोलणं आमच्या जातीला येत नाही.