खाकी पाकिटावरची शेवटची ओळ

मी एक जुने खाकी पाकीट आहे. मित्रांनो, पोटात बियाण्यांची यादी घेऊन मी इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये विल्फ्रेडच्या घरी आले. यादी तो तासन् तास चाळायचा, मला मात्र चहाच्या किटलीखाली ठेवले. त्याचे काही नाही. माझी चीड वेगळीच आहे.

विल्फ्रेड विधुर, गुडघे गेलेले. एका रविवारी जेवणानंतर तो बहिणीला म्हणाला, "इनिड, लीड्सची नोकरी सोड, खोली सोड आणि इकडे ये. माझं कर. मी गेल्यावरही तू मरेपर्यंत हे घर तुझंच."

"लिहून देतोस?" तिने विचारले, आणि दोघेही लाजून लाल! या लोकांत सख्ख्या भावाकडे कागद मागणे म्हणजे वाढलेल्या पानावर बसून 'शिळं नाही ना?' असे विचारणे. त्याने माझ्या पाठीवर चार ओळी लिहिल्या, सही केली. त्याला वाईट वाटू नये म्हणून इनिडने खाली स्वतःच्या हाताने भर घातली, 'ही घरातली गोष्ट, कोर्टाकचेरीची नाही.' दोघे हसले. अगं बाई, खोड ती ओळ! पण पाकिटाचे कोण ऐकतो?

नोकरी, खोली सोडून इनिड आली आणि नऊ वर्षे तिने भावाचे सगळे केले. मला रुमालांच्या घडीत जपले. "हे आहे ना, मग मला घोर नाही," म्हणायची. मग विल्फ्रेड गेला. त्याचा मुलगा क्लाइव्ह आला, चहा केला आणि गोड आवाजात म्हणाला, "आत्या, घर विकायचंय. महिनाअखेरपर्यंत आवरेल ना?"

इनिडने मला कोर्टात नेले. न्यायाधीशांनी मला उलटसुलट पाहिले.

"बाई, शब्द मोडला तर कोर्टात यायचं, असं तेव्हा तुमच्या मनात होतं?"

ती ओळ गमतीत लिहिली, एवढे तरी म्हणायचे! पण नाही.

"छे हो! सख्ख्या भावाला कोर्टात कोण खेचेल?"

"मग हा करार नाही, घरातला शब्द आहे. तो मला पाळायला लावता येत नाही."

कपाळ माझे! वर इनिडच न्यायाधीशांना म्हणाली, "आपला वेळ घेतला, माफ करा."

मित्रांनो, माया पोटभर करा. पण कुणाच्या शब्दावर आपले छप्पर सोडणार असाल, तर लाज गिळा आणि हा शब्द कोर्टातही चालला पाहिजे, असे स्वच्छ लिहून घ्या. भाऊ रुसला तर दोन दिवस रुसेल. सत्तरीतली इनिड आज परक्या बाईच्या माडीवर एका खोलीत राहते, आणि कुणी विचारले तर अजून म्हणते, "तसं लिहिलं असतं तर विल्फला वाईट वाटलं असतं हो."