वाटून घेतलेली गोळी

रविवारी दुपारी हितेंद्र नरडाण्याजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा सुगंधाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. हितेंद्र धुळ्यात एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. डॉक्टरांना वाटायला मिळणाऱ्या नमुन्यांतली रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं तो दर महिन्याला आईला आणून देई.

"माय, गोयी रोज लेस ना?"

"लेस रे भाऊ," सुगंधाबाई मान वर न करता म्हणाल्या.

तो निर्धास्त होता. त्याचा महिनाही चांगला गेला होता. धुळ्याचे डॉक्टर भूपेंद्र आता प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाला त्याच्याच कंपनीची गोळी लिहीत होते. तेच औषध साध्या नावाने कितीतरी स्वस्त मिळे. पण ते लिहिल्याने डॉक्टरांना कंपनीकडून दुबईची सहल मिळणार नव्हती. सहलीला 'वैद्यकीय परिषद' म्हणत. डॉक्टरीणबाईही जाणार होत्या. हा सौदा हितेंद्रनेच जमवला होता, आणि त्यात आपण काही वावगं केलं असं त्याला वाटलं नव्हतं. सगळेच करतात, एवढं उत्तर त्याला पुरत असे.

पंधरवड्याने सुगंधाबाई चुलीपुढे कोसळल्या. रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला होता. धुळ्याच्या इस्पितळात त्या दोन दिवस डोळे मिटून पडून होत्या आणि तशाच गेल्या.

दहाव्याला माणसं पांगल्यावर शेजारच्या भिकुबाई हितेंद्रजवळ येऊन बसल्या. दोघी मैत्रिणी, तपासायला धुळ्याला डॉक्टर भूपेंद्रांकडे एकाच बसने जात. भिकुबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या,

"हितू, तुनी माय मनामुये गयी रे."

"तुझ्यामुळे? असं का म्हणतेस, अक्का?"

"डॉक्टरनी मनी जुनी गोयी बंद करी, नवी लिखी दिन्ही. ती इतली महाग, माले परवडे नही. मी गोयी सोडाले लागनू, तं तुनी माय बोलनी, मना पोऱ्या फुकट आनी देस, बठ्ठ्या मी एकलीच खाऊ का? मंग एक दिन ती ले, एक दिन मी लेऊ. हितूले सांगू नको म्हने, तो चिडी."

रोज घ्यायची गोळी दोघी दिवसाआड घेत होत्या. भिकुबाईंची जुनी गोळी कुणामुळे बंद झाली, हे त्या ओसरीत फक्त त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तीच गोळी साध्या नावाने तिथे फुकट मिळाली. तिथून तो एकटाच डॉक्टर भूपेंद्र यांच्याकडे गेला.

"दुबईचं रद्द करतोय, सर. आणि आई का गेली ते सांगायला आलोय."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "वाईट झालं. पण तुझी आई गोळी वाटून घेईल, हे मला कसं कळणार? आणि तू सोडलंस तर उद्या तुझ्या जागी दुसरा येईल."

"येईल. तो यायच्या आत बाहेर बसलेल्यांशी बोलतो."

बाहेर बाकांवर खेड्यापाड्यांतली माणसं बसली होती. हितेंद्रने सांगितलं, हेच औषध स्वस्त नावाने मिळतं, डॉक्टरांना तेच लिहून मागा. कंपाउंडर त्याचा दंड धरून दाराकडे ओढू लागला.

"सवंग गोयी काम करी का?" पागोटं घातलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

स्वस्त औषधाचा भरवसा नसतो, हे हितेंद्रनेच वर्षानुवर्षं दवाखान्या-दवाखान्यांतून पेरलं होतं. तेच आता त्याच्यासमोर बसून उत्तर मागत होतं.

"करेल, आबा," तो म्हणाला. "महागडी गोळी शेजारणीला परवडली नाही, म्हणून माझ्या आईने आपली वाटून दिली, आणि ती गेली."

म्हातारा नंबर सोडून उठला आणि त्याच्याबरोबर बाहेर आला. बाकीची माणसं खाली मान घालून बसून राहिली, आणि आतून पुढचा नंबर पुकारला गेला.