तळहाताची करामत

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे ताई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचा उजवा हात बाजूने खांद्याच्या जरासा वर गेला आणि अडला. स्पर्शगुरूंनी तिथे खडूची रेघ मारली.

"हात नाही, दुःख अडलंय," लोण्यासारख्या आवाजात ते म्हणाले. "जवळच्या कुणाशी बोलायचं राहून गेलंय."

ताई घळाघळा रडू लागली. असं काहीतरी कुणाचं राहिलेलं नसतं? असं मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीच्या, टेलरबाईच्या, मनात आलं. ती इथे भक्तीने आलीच नव्हती. 'गोळ्या शरीर आवळतात' हे गुरुवचन ऐकून ताईने महिन्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. काल भांडी घासताना ती घेरी येऊन पडली, तरी ऐकायला तयार नव्हती.

गुरूंनी दोन बोटं खांद्यावर नुसती टेकवली. दहा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. मग आज्ञा झाली, "आता तळहात आकाशाकडे. सगळं देऊन टाका!"

हात सरसर वर जाऊन कानाला लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टेलरबाईचे हात मात्र मांडीवरच राहिले. मघाशी तळहात जमिनीकडे होता! तीस वर्षं बाही बेतताना तिने हेच पाहिलं होतं. ती तडक पुढे गेली.

"गुरुजी, मीही अडलेय. पण बोट लावू नका हं."

तळहात खाली ठेवून तिने हात उचलला. तो अडला. तळहात वर वळवला, आणि हात थेट कानाला!

"हाडाला हाड अडतं, तळहात फिरवला की वाट मोकळी होते. करून बघा सगळ्यांनी!"

आधी दोघाचौघांनी केलं, मग सगळं सभागृह हात उंचावून एकमेकांकडे बघू लागलं.

"शंकेने ऊर्जा आटते!" गुरू ओरडले.

"आटली कुठे? दोनशे हात वर गेलेत की!"

हशा पिकला. गुरू खडू खिशात घालून मागच्या दाराने सटकले.

घरी येताच ताई कॉटवर टेकली. म्हणाली, "पण मला बरं वाटलं होतं गं. रडू खरं होतं."

"खरंच होतं. कुणी मायेने हात ठेवला की बरं वाटतंच. पण त्याने रक्तदाब उतरत नाही, ताई. तो मोजावा लागतो, गोळी घ्यावी लागते. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि चमत्कार दिसला की आधी विचारायचं, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सगळं सारखंच होतं का?"

"ते कळलं. पण तुझे भावोजी वारल्यापासून माझ्या खांद्यावर हात ठेवलाय कुणी?"

दिवसभर परक्यांच्या खांद्यांची मापं घेणाऱ्या टेलरबाईने सख्ख्या बहिणीच्या खांद्याला वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. तिने तो आता लावला, आणि तसाच राहू दिला.

"उद्या किती वाजता निघायचं?" ताईने विचारलं.