सुगडातली होडी

"आई, तो अंकुश आज वाचणार आहे का गं?"

केतनने विचारलं तेव्हा किशोरी त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढत होती. पोळी हातातच राहिली. आई दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कविता ऐकायला जाते, यापलीकडे ओंजळ काव्यमंडळाबद्दल केतनला काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. एरवी त्याच्या तोंडून एखाद्या कवीचं नाव ऐकून तिला आनंदच झाला असता. आज झाला नाही.

"तुला कसा माहीत अंकुश?"

"साइटवर विषय निघाला होता."

"साइटवर? कवितेचा?"

"तो परेश आहे ना शेठकडचा, तो विचारत होता. म्हणाला, तुझी आई तिकडे निवेदन करते ना? मी म्हटलं, हो." केतनने खाली बघतच भात कालवला. "म्हणाला, आईला सांग, जरा वेळेचं भान ठेवा. दर वेळी सगळ्यांनाच वाचायला मिळतं असं नाही."

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच. आणि मला म्हणाला, तुझं काम चांगलंय. टिकव."

तिने हातातली पोळी त्याच्या ताटात टाकली. कामोठ्याच्या त्या इमारतीत खालच्या क्लासमधल्या पोरांचा गलका रविवारीही वर यायचा. आज किशोरीला तोही बरा वाटला.

किशोरी पतपेढीत काउंटरवर बसायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, केतन नुकता कुठे प्रदीपशेठच्या बांधकामावर सुपरवायझर म्हणून चिकटला होता. तिच्या आयुष्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि सांगायची वेळ आलीच तर ती स्वतःच हसून विषय बदलायची. ओंजळमध्ये ती एकटीच अशी होती जिने जन्मात कविता केली नव्हती. नेमका हाच गुण मंडळाला फळला.

त्याचं असं झालं, की कवी वाचायला येतात, ऐकायला येत नाहीत. ज्याची कविता आधी झाली त्याच्या घरी हटकून पाहुणे यायचे, कुणाची गाडी चुकीच्या जागी लावलेली असायची, आणि शेवटच्या कवीपुढे अध्यक्ष आनंदराव आणि रिकाम्या खुर्च्या उरायच्या. अखेर निवृत्त मास्तर असलेल्या आनंदरावांनी संक्रांतीचं एक सुगड आणलं. आल्यावर प्रत्येकाने आपलं नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, आणि निघेल त्या क्रमाने वाचायचं. आपली चिठ्ठी कधी निघेल हे ठाऊक नसल्यामुळे सगळे जागेवर बसू लागले. अंधार पडेपर्यंत ज्यांची निघणार नाही त्यांना पुढच्या महिन्यात पहिला मान. चिठ्ठी मात्र कवीने काढायची नाही, कारण कवीवर कवीचा विश्वास नाही. म्हणून ते काम किशोरीकडे आलं. सुगडाचं तोंड लहान, त्यात दोनच बोटं जायची. तिने नाव पुकारलं, की तो माणूस उठून उभा राहायचा, मग तो प्रोफेसर असो की वकील. महिनाभर काउंटरवर टोकन नंबर पुकारणाऱ्या बाईला त्या संध्याकाळी आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. तिला ते फार आवडायचं.

अंकुश कोळी उरणच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातला. बंदरात कंटेनरवर कामाला होता. कविता त्याच्या गावच्या बोलीत असायच्या आणि सगळ्या तोंडपाठ. आनंदराव मागे लागायचे, अरे, कागदावर उतरव, संग्रह काढू. तो म्हणायचा, "लिवली का ती माजी राहत नाय, गुरुजी. पोटात हाय तवर जिती हाय." चिठ्ठीवर नाव तेवढं लिहायचा आणि त्या चिठ्ठीची नखाएवढी होडी करून सुगडात सोडायचा. सगळे त्याला हसायचे. आत बोट घातलं की किशोरीला ती होडी न बघता कळायची. आजवर तिने त्याचा कधी फायदाही घेतला नव्हता की तोटाही केला नव्हता.

गुरुवारी पतपेढीत त्याचा फोन आला होता.

"ताई, नवी केलीय. बुधाजीची. आईका."

बुधाजी हा त्याचा मामा. रात्री खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरपुढे आडवा उभा राहिलेला म्हातारा. त्यानंतर आठ-दहा दिवसांत तो खाडीतच सापडला. बुडून मेला, असं कागदावर आलं. जन्मभर त्या पाण्यात वावरलेला कोळी गुडघाभर पाण्यात बुडाला. कोर्टकचेरीची वाट अंकुशने चालून पाहिली आणि तो परत कवितेकडे आला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. रविवारी बुधाजीची कविता म्हणणार, हे तो बंदरावर बोलूनही बसला होता.

फोनवर त्याने चालीत म्हटलं,

"खाडीनं इचारलं, माज्या पोटान कुनाची माती?
बुदाजी गेला शोदाला, त्याची चप्पल आली हाती."

किशोरीने फोन कानाशी घट्ट धरला. अंकुश म्हणाला, "आता पुढच्या ओळीला नाव हाय, ताई."

"अंकुश, इथे गर्दी आहे रे," ती घाईने म्हणाली. "रविवारी ऐकते."

काउंटरपुढे चिटपाखरू नव्हतं. नाव तिला ठाऊक होतं. खाडीत भराव कुणाचे डंपर टाकतात हे पनवेलपासून उरणपर्यंत पोराटोरांना ठाऊक होतं. ओंजळची बैठक ज्या हॉलमध्ये भरायची तो हॉलही त्याच माणसाचा. प्रदीपशेठ साहित्याचे मोठे चाहते. हॉल फुकट, चहा-वडे फुकट, वार्षिक संमेलनाच्या शालीही त्यांच्याच. आनंदराव प्रत्येक बैठकीत त्यांचे आभार मानायचे. ठाऊक असणं वेगळं आणि माइकवर ऐकणं वेगळं.

रविवारी ती हॉलमध्ये शिरली तेव्हा शेवटच्या रांगेत परेश बसलेला होता. सोबत आणखी दोघे. तिघांनीही इस्त्रीचे पांढरे शर्ट घातले होते. परेश उठून पुढे आला आणि वाकून नमस्कार केला.

"ताई, कसं काय? केतन बोलला ना घरी?"

"हो."

"चांगला पोरगा आहे. उंचावर काम करतो, सांभाळून राहायला सांगा." तो हसला. "आम्ही बसतो मागे. आम्हालाही कविता आवडतात."

आनंदराव सगळं बघत होते. ते किशोरीजवळ येऊन चष्मा पुसत राहिले, आणि मग म्हणाले, "तुम्ही काही मनावर घेऊ नका. चिठ्ठी आपल्या हातात थोडीच असते?" एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. किशोरीला त्या क्षणी त्यांचा राग आला, कारण ते काय सांगताहेत ते तिला बरोबर कळलं होतं.

अंकुश आला. अंगात नवा कोरा शर्ट. चिठ्ठीची होडी करून त्याने ती सुगडात टाकली आणि मागच्या रांगेकडे एकदा बघून पुढच्या खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती असती तर किशोरीला सोपं गेलं असतं.

बैठक सुरू झाली. प्राध्यापिका आभाताईंनी आईवरची कविता वाचली, एका वकिलाने प्रेमावरची गझल गायली, टाळ्या झाल्या. परेशचा मोबाइल खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला होता. दुसरं कुणी वाचत असलं की तो खाली ठेवायचा आणि किशोरीने सुगडात हात घातला की उचलायचा. तिची दोन बोटं आत गेली की होडी लगेच लागायची. टोक टोचायचं. ती होडी बाजूला सारून दुसरी चिठ्ठी काढायची. चार वेळा तसं झालं. आता चिठ्ठ्या कमी राहिल्या होत्या, पुढच्या वेळी सबब उरणार नव्हती. तिने एका चिठ्ठीबरोबर होडीही बाहेर ओढली, चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने पुकारलं आणि होडी रुमालात धरून पर्समध्ये टाकली.

अंकुशसाठी केलं, असं तिने मनाला सांगितलं. त्यात खोटं नव्हतं. पण रुमाल मिटताना तिला दिसला होता तो तेराव्या मजल्याच्या परांचीवर उभा असलेला केतन.

खिडक्या काळ्या झाल्या तशी आनंदरावांनी बैठक आवरती घेतली. नेहमीपेक्षा लवकर. दोन जण राहिले, त्यांना पुढच्या वेळी पहिला मान, असं म्हणून त्यांनी शेठचे आभार मानले. परेशनेही टाळ्या वाजवल्या.

जिन्यात अंकुश किशोरीला म्हणाला, "आज सुगडानं माजी होडी गिळली, ताई."

"पुढच्या वेळी पहिला तूच."

"व्हय. पन आज लय मन होतं." तो क्षणभर घुटमळला. "तुमाला आता बोलून दाखवू? हितंच?"

वरून पावलं ऐकू आली. "आता नको," किशोरी म्हणाली, "उशीर झालाय, जा तू." तो गेला. त्याची स्कूटर हॉलसमोरच्या तळ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती घरी निघाली. संकट टळलं, असं तिला खरोखरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांचा फोन आला. अंकुशच्या स्कूटरला उरणच्या रस्त्यावर डंपरने धक्का दिला. जीव वाचला.

ती दवाखान्यात गेली तेव्हा वॉर्डाबाहेर त्याची आई सोनाबाई फरशीवर बसली होती. नऊवारी, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण, डोळे कोरडे.

"अपघात बोलतान," सोनाबाई म्हणाली. "स्कूटरला ओरखडा नाय, बाय. जबडा मोरला आन् उजवा हात मोरला. बोटं येकयेक करून मोरली. डंपर असा मोरतो?"

किशोरी तिच्याशेजारी फरशीवर बसली. तिने विचारलं, "त्याने तुम्हाला ती कविता म्हणून दाखवली होती का हो? बुधाजीमामांची?"

"नाय. मी बोल्ले, सांग तरी काय केलंस. तर बोलला, तुला म्हाईत नसलेलं बरं, आये. येकदा बैठकीत बोललो का समद्यांची झाली. मंग काय डर नाय."

किशोरी तिथेच भिंतीला टेकली. त्याला जे कळलं होतं ते तिला कळलं नव्हतं. काल त्याने वाचली असती तर ते नाव हॉलमधल्या प्रत्येकाच्या कानात गेलं असतं, आणि मग एका माणसाचा जबडा मोडून कुणाचा काही फायदा नव्हता. तिने होडी पर्समध्ये टाकली आणि ते नाव एकट्या अंकुशच्या तोंडात राहिलं. ते कुठे शोधायचं हे मारणाऱ्यांना नेमकं समजलं. ही गोष्ट ती कुणाला सांगू शकली नाही. महिनाभर ती पर्स उघडताना आत बघत नसे.

पुढच्या बैठकीला एकही कवी गैरहजर नव्हता. लोक एकमेकांशी हवापाण्याचं बोलत होते. परेश आणि ते दोघे मागच्या रांगेत होतेच. निघताना केतन म्हणाला होता, "आई, आजच्या दिवस नको ना जाऊस." तिने त्याच्या गालावरून हात फिरवला होता आणि नोकरी दुसरीकडे बघ म्हणून सांगितलं होतं.

सोनाबाईच्या आधाराने अंकुश आत आला. जबडा तारांनी बांधलेला, हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. वाळलेल्या चेहऱ्यावर डोळे तेवढे मोठे दिसत होते. आनंदराव लगबगीने पुढे गेले. "अरे, कशाला आलास? घरी आराम..." अंकुशने डाव्या हाताने त्यांना बाजूला केलं आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसला.

किशोरीने सुगड पुढे ओढलं. आत हात न घालता तिने पर्स उघडली, रुमाल सोडला आणि होडी वर धरली.

"ही गेल्या महिन्यात सुगडातून निघाली होती," ती माइकवर म्हणाली. "मी लपवली. पहिला मान अंकुश कोळी यांचा."

आनंदरावांनी मान खाली घातली. अंकुशने होडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत क्षमा होती की नाही ते तिला कधीच कळलं नाही. तो उठला आणि माइकपुढे येऊन उभा राहिला. मागे परेशने मोबाइल उचलून त्याच्यावर धरला. तो निवांत होता, हसत होता.

अंकुशने दातांच्या फटीतून श्वास घेतला आणि त्याच्या घशातून सूर आला. शब्द नव्हते, नुसती चाल होती. खाली जाऊन वर येणारी, पुन्हा खाली जाणारी. पहिली ओळ संपली तिथे तो थांबला. किशोरीला ती चाल ओळखू आली. तिने माइक आपल्याकडे वळवला. जन्मात कविता न वाचलेल्या बाईचा आवाज आधी चिरकला, मग लागला.

"खाडीनं इचारलं, माज्या पोटान कुनाची माती?
बुदाजी गेला शोदाला, त्याची चप्पल आली हाती."

अंकुशने डोळे मिटले आणि तिसऱ्या ओळीची चाल धरली. ती ओळ तिने ऐकलेली नव्हती. शब्द तिच्याकडे नव्हते, पण नाव होतं, आणि ते या हॉलमधल्या सगळ्यांकडेच होतं. चाल संपत आली. मागच्या रांगेतला मोबाइल अंकुशवरून हळूच सरकला आणि तिच्यावर येऊन थांबला. परेश आता हसत नव्हता.

होडी माइकच्या पायाशी ठेवून किशोरीने पदर खोचला आणि त्या मोबाइलकडे बघत तोंड उघडलं.