मागचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. आता जिन्याखाली, मोडक्या बादलीच्या शेजारी पडून असते. मी मुळात डूख धरणारी नव्हते. मला तसं केलं गेलं.

आम्ही चौघी बहिणी एकाच सुताराच्या हातच्या. काम झाल्यावर तो प्रत्येकीवर बसून पाहायचा आणि समाधानाने मान डोलवायचा. पुढे या मोठ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. आमची मालकीण नर्स होती. तिची जिवलग मैत्रीणही त्याच दवाखान्यात. मालकीण चणीने लहान, मैत्रीण चांगली भरभक्कम, म्हणून वॉर्डात एकीला छोटी म्हणत आणि दुसरीला मोठी. निवृत्त झाल्यावर मोठी आपल्या गावी गेली, पण अधूनमधून शनिवार-रविवार छोटीकडे मुक्कामाला यायची. आली की माझ्यावरच बसायची. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "ही खुर्ची गुणाची आहे गं. कंबर अजिबात दुखत नाही." मित्रांनो, खुर्चीचं असं कौतुक कोण करतं?

गेल्या वर्षी ती यायची होती त्याच दुपारी छोटीचा नवरा माळ्यावरची पेटी काढायला माझ्यावर चढला, तेही बूट घालून. पेटी ओढताना सगळा भार त्याने एका कोपऱ्यावर टाकला आणि माझा मागचा डावा पाय कडकन मोडला. छोटी बाजारात गेली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पाय दाबून जागच्या जागी बसवला, मला भिंतीला टेकवलं आणि पेपर वाचत बसला.

संध्याकाळी मोठी आली आणि नेहमीसारखी माझ्यावर बसली. मी जिवाच्या आकांताने तग धरला, पण पाय निखळला आणि ती खाली आली.

"असू द्या हो ताई," नवरा म्हणाला. "खुर्ची काय, दुरुस्त करता येईल. तुम्हाला लागलं नाही ना?"

किती मोठं मन त्याचं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढे येईल त्या पाहुण्याला तो हा किस्सा तिखटमीठ लावून सांगू लागला. मोठी कशी बसली, कशी आपटली, याची नक्कल करायचा. लोक पोट धरून हसायचे. हे मोठीच्या कानावर गेलंच. मग फोनवर तिचे गुडघे दुखू लागले, प्रवास झेपेनासा झाला, आणि छोटी फोन ठेवून खिडकीत उभी राहू लागली.

मला एक लांब स्क्रू मारून दाराजवळ ठेवलं होतं. नवरा रोज माझ्यावर बसून बूट घालायचा. मी ठरवलं, याला पाडायचं. कंबरडं मोडलं पाहिजे आणि चार लोकांनी पाहिलं पाहिजे. तो पुढे वाकला की मी स्क्रू केसभर ढिला करायचे. मला घाई नव्हती.

अखेर छोटीने हट्टच धरला आणि मोठी एका शनिवारी आली. दोघी मनसोक्त हिंडल्या, जुन्या डॉक्टरांच्या नकला करून खिदळल्या. घरात मात्र मोठी पलंगाच्या कडेला बसायची, नाहीतर जमिनीवर. माझ्याकडे ती बघतसुद्धा नव्हती. त्याचाही राग मी नवऱ्याच्याच खात्यावर टाकला.

रविवारी शेजारचं जोडपं चहाला आलं. नवऱ्याने मला खोलीच्या मधोमध ओढलं. स्क्रू आता जेमतेम एका आट्यावर होता. चार लोक जमलेले. मी तयार होते.

"या ताई," तो म्हणाला. "तुमची खुर्ची. आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

शेजारी हसले.

"नको भाऊजी, मी इथेच बरी आहे."

"बस गं," छोटी हळूच म्हणाली. "किती दिवस मनात ठेवशील? माझ्यासाठी बस."

मोठी उठली. मित्रांनो, स्क्रू ढिला करणं मला जमलं होतं. तो घट्ट करणं माझ्या हातात नव्हतं. ती अगदी बेताने, टेबलाला धरून टेकली, आणि मी तिला पाडलं.

"बघा," नवरा शेजाऱ्यांना म्हणाला, "मी काय खोटं सांगत होतो?"

या वेळी तो खरंच खोटं बोलत नव्हता. मोठी मनगट चोळत उठली. "माझंच चुकलं," ती म्हणाली. तिने माझा पाय उचलून माझ्यावर नीट ठेवला आणि रात्रीची बस सोडून संध्याकाळच्याच बसने गेली.

मित्रांनो, खुर्ची बसण्यासाठी असते, तिच्यावर चढू नका. चढलात आणि ती मोडली, तर "माझ्या हातून मोडली" म्हणून सांगा. राग धरणाऱ्यांना मी काय सांगणार? ज्याला पाडायचं होतं, तो आता माझ्या धाकट्या बहिणीवर बसून बूट घालतो आणि रोज सकाळी माझ्यासमोरून खुशाल निघून जातो. मोठी त्यानंतर आली नाही.